धसका

आपल्या बोलण्यात काही शब्द इतके रुळले आहेत की त्यांच्या पोटात किती अर्थ आहे हे आपल्या ध्यानीही येत नाही. 'धसका' हा तसलाच एक शब्द. भीती वाटते, राग येतो, दुःख होते. धसका मात्र 'घेतला' जातो. आणि एकदा घेतला की तो आपण होऊन खाली ठेवता येत नाही. लहानपणी विहिरीत पडता पडता वाचलेले पोर मोठे होते, त्याला मिशा फुटतात, तरी विहिरीच्या काठाशी फिरकत नाही. घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "पोराने धसका घेतलाय हो!" मग मीठमोहऱ्या उतरवायच्या, अंगारा लावायचा, आणि घरातल्या सर्वांना एक सक्त ताकीद द्यायची : त्याच्यासमोर कोणी विहिरीचे नाव काढायचे नाही!

मीठमोहऱ्यांशी माझे भांडण नाही. तेवढ्या निमित्ताने पोराला कोणीतरी जवळ घेऊन बसत असे, हेही थोडके नव्हे. मला आज बोलायचे आहे ते त्या ताकिदीविषयी.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत डोंबिवलीच्या एका भगिनीचे पत्र आहे. त्यांचे यजमान बँकेत नोकरीला. दोन वर्षांपूर्वी एका जिवलग मित्राच्या मोटारीतून साताऱ्याहून परत येत असताना खंबाटकीच्या घाटात अपघात झाला. मित्र जागच्या जागी गेला. यांचे खांद्याच्या हाडावर आणि काही टाक्यांवर निभावले. हाड दीड महिन्यात सांधले, टाके त्याआधीच निघाले, रजा संपली, गृहस्थ कामावर रुजू झाले. "देवाची कृपा," असे जो तो म्हणाला.

पण दोन वर्षे झाली तरी हे गृहस्थ रात्री दोन-तीनच्या सुमाराला ओरडून उठतात. अंग घामाने निथळत असते. मोटारीत बसायचे नाव काढत नाहीत. मेव्हणीचे लग्न पुण्याला होते, त्याला गेले नाहीत. पोट बिघडल्याचे सांगितले. रस्त्यात कुणी करकचून ब्रेक लावला की जागीच थिजतात. पूर्वी मुलांच्या गोंगाटात शांतपणे वर्तमानपत्र वाचणारा हा माणूस, आता स्वयंपाकघरात ताटली पडली तरी ताडकन उभा राहतो आणि मग मुलांवर खेकसतो. मित्राच्या पत्नीचा फोन आला तर घेत नाही. "आम्ही घरात कुणी तो विषय काढत नाही," असे या बाई लिहितात. "दोघांचा एकत्र फोटो होता तोही मी कपाटात ठेवून दिला. सासूबाई म्हणतात, दिवस गेले की विसरेल. आमचे बरोबर चालले आहे ना?"

ताई, तुमच्या घराने जे केले ते मायेपोटी केले आणि तुमच्या जागी दुसरे कुणीही तेच केले असते. तरी पण ते बरोबर नाही. का, ते सांगायचे तर जरा लांबून, थेट स्कॉटलंडमधून यावे लागेल. त्याआधी या दुखण्याची ओळख करून घेऊ.

डॉक्टर मंडळी त्याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात पी.टी.एस.डी. मराठीत 'आघातोत्तर मनोविकार' असा भारदस्त शब्द करतात. आपण आपले धसकाच म्हणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या व्याख्येप्रमाणे त्याच्या मुख्य खुणा तीन. पहिली खूण नीट समजून घेण्यासारखी आहे. या माणसाला ती घटना नुसती आठवत नाही. ती त्याच्यापुढे पुन्हा घडू लागते. तुम्हांआम्हांला जुना प्रसंग आठवला तर तो जुना म्हणून आठवतो, त्याच्यावर जणू टपालाचा शिक्का असतो : अमुक साल, अमुक गाव. धसक्याच्या आठवणीवर हा शिक्काच बसलेला नसतो. पेट्रोलचा वास आला, काच फुटल्याचा आवाज झाला, की तो माणूस डोंबिवलीत नसतोच. तो घाटात असतो, आणि सगळे 'आत्ता' चालू असते.

दुसरी खूण टाळाटाळ. जागा टाळायची, माणसे टाळायची, बोलणे टाळायचे, मनातला विचारही टाळायचा. तिसरी, सदैव पहाऱ्यावर असल्यासारखे वागणे : दचकणे, पाठ भिंतीला लावून बसणे, झोप उथळ असणे. अमेरिकन डॉक्टरांच्या वर्गवारीत आणखी एक भाग येतो, तो म्हणजे मनाला लागलेली अपराधाची टोचणी आणि जगाविषयी, स्वतःविषयी झालेले कडवट मत. 'तो गेला, मी का राहिलो?' हा प्रश्न असल्या माणसांना पुष्कळदा छळतो.

आता एक गोष्ट लगेच सांगून टाकतो, नाहीतर हे वाचून निम्मे वाचक स्वतःची नाडी तपासत बसतील. एखाद्या भयंकर प्रसंगानंतर चार-सहा दिवस, दोन-तीन आठवडे झोप न लागणे, दचकणे, तेच तेच डोळ्यांपुढे येणे हा आजार नव्हे. ते मनाचे सुजणे आहे. मुरगळलेला पाय नाही का सुजत? अमेरिकन वर्गवारीप्रमाणे महिना उलटून गेल्यावरही हे कायम राहिले, आणि नोकरीत, संसारात आड येऊ लागले, तरच त्याला हे नाव द्यायचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगातली सुमारे ७० टक्के माणसे आयुष्यात एकदा तरी असल्या भीषण प्रसंगातून जातात, आणि त्यांतल्या ५.६ टक्क्यांच्या आसपास लोकांना हा विकार जडतो. म्हणजे बहुतेकांचे मन आपले आपण सांधते. शेकड्यातली ती पाच-सहा माणसे मात्र मागे राहतात, आणि त्यांच्याच घरची मंडळी आम्हांला पत्रे लिहितात.

आता स्कॉटलंडकडे वळू.

पहिले महायुद्ध चालू होते. फ्रान्समधल्या खंदकांतून असे सैनिक परत येऊ लागले की ज्यांच्या अंगावर ओरखडाही नाही, पण कुणाची वाचा बसलेली, कुणाचे हातपाय लटपटणारे, कुणाला दिसेनासे झालेले. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टराने १९१५ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात अशा रुग्णांची हकीकत छापली आणि 'शेल शॉक' हा शब्द सर्वतोमुखी झाला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी, असा प्रथम समज होता. पुढे ध्यानात आले की ज्यांच्या जवळपासही गोळा फुटलेला नव्हता, त्यांनाही हेच होत आहे. मग लष्करातल्या पुष्कळांनी सोपा निष्कर्ष काढला : हे भित्रे आहेत. पळून जाणे, भेकडपणा असल्या आरोपांखाली ब्रिटनने त्या युद्धात गोळ्या घालून मारलेल्या ३०६ सैनिकांना २००६ साली, म्हणजे तब्बल ९० वर्षांनी, माफी देण्यात आली. त्यांच्यात आजारी किती होते, याचा आता निवाडा कोण करणार?

एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट नावाचे एक जलोपचाराचे हॉटेल होते. त्याचे लष्करी अधिकाऱ्यांसाठी रुग्णालय केले होते. १९१६ सालच्या शरद ऋतूत तेथे डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स रुजू झाले. हे गृहस्थ आपल्या देशाला अगदीच परके नव्हते. १९०१-०२ च्या सुमारास ते निलगिरीत येऊन तोडा लोकांत राहून गेले होते, आणि त्यांच्यावर त्यांनी १९०६ साली जाडजूड ग्रंथ लिहिला होता. दुसऱ्याचे बोलणे मन लावून ऐकायचे शिक्षण त्यांना तिथेच मिळाले असावे, असे मला आपले वाटते. गंमत अशी, की ते स्वतः बोलताना अडखळत. जन्मभर त्यांचे तोतरेपण गेले नाही. त्यांच्यापुढे येऊन बसणाऱ्या अधिकाऱ्यांपैकीही कित्येक जण युद्धावरून अडखळत बोलतच परतले होते. त्यांचा सगळ्यांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे कवी सीगफ्रिड ससून. मुंबईच्या ससून डॉकशी आणि पुण्याच्या ससून रुग्णालयाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या डेव्हिड ससून यांच्या घराण्यातलाच हा पणतू. पण ससूनची कथा वेगळी. तो युद्धाविरुद्ध जाहीर पत्रक काढल्यामुळे तेथे आला होता. आपल्याला हव्या आहेत त्या रिव्हर्सच्या इतर रुग्णांच्या कहाण्या.

४ डिसेंबर १९१७ रोजी रिव्हर्सने लंडनच्या वैद्यक संस्थेपुढे एक निबंध वाचला. विषय होता, युद्धाच्या अनुभवांचे दमन. त्या काळी या रुग्णांना एकच सल्ला मिळे. डॉक्टर सांगत, नातलग सांगत, दोस्त सांगत : युद्धाचा विचार मनातून काढून टाक, गोल्फ खेळ, बागेत काम कर, सुंदर गोष्टींकडे मन लाव. थोडक्यात, आपल्या विहिरीची ताकीद! रिव्हर्सने पाहिले की रुग्ण हा सल्ला निष्ठेने पाळतात. दिवसभर सगळे बळ लावून ते आठवणीला दाराबाहेर ठेवतात. आणि रात्री, पहारेकरी झोपला की, ती दार फोडून आत येते. दिवसा जितका जोर लावावा, तितकी रात्र वाईट जाते.

त्याच निबंधात एका अधिकाऱ्याची हकीकत आहे. त्याचा एक सहकारी बेपत्ता झाला म्हणून हा त्याला शोधायला गेला. सापडला तो स्फोटाने छिन्नविच्छिन्न झालेला देह; शिर वेगळे, हातपाय वेगळे. तेव्हापासून तो मित्र रोज रात्री स्वप्नात यायचा. कधी तसाच तुटलेला, कधी महारोग्यासारखा झडलेला, आणि जवळ जवळ सरकत यायचा. हा किंचाळून जागा व्हायचा. दिवसा जेवढे म्हणून विसरायचे प्रयत्न करता येतील तेवढे करून तो थकला होता.

रिव्हर्सने त्याला विसरायला सांगितले नाही. त्याने त्या दृश्याकडेच त्याचे लक्ष वेधले आणि त्यातली एक बाजू दाखवली : ज्या अर्थी देहाची अशी दशा झाली, त्या अर्थी तुझा मित्र त्याच क्षणी गेला. तासन् तास तळमळत, पाणी पाणी करीत मरणे त्याच्या वाट्याला आले नाही. त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. यापुढे ही आठवण हाकलायची नाही, आली तर या अंगाने तिचा विचार करायचा, असे त्याने ठरवले. काही रात्री स्वप्न आलेच नाही. मग एका रात्री पुन्हा आले. तो मित्राला शोधायला गेला, तोच देह, तसाच पडलेला; पण या खेपेला त्याची भीती वाटली नाही. प्रत्यक्षात केले होते त्याप्रमाणेच त्याने गुडघे टेकले आणि घरच्यांना पाठवायच्या मौल्यवान चीजवस्तू गोळा करू लागला. मित्राच्या कमरेचा पट्टा सोडवीत असताना त्याला जाग आली. तो मुकाट्याने रडत होता. भय गेले होते, आणि इतके दिवस त्याच्याआड दबलेले साधे, माणसाचे दुःख तेवढे उरले होते.

हे मी इतके सविस्तर सांगितले, कारण पुढच्या शंभर वर्षांतल्या संशोधनाचे बीज या एका कहाणीत आहे. आणि रिव्हर्स प्रामाणिक होता, म्हणून त्याने जमले नाही तेही सांगून ठेवले. दुसरा एक अधिकारी स्फोटाने उडून, कित्येक दिवसांपूर्वी मेलेल्या एका जर्मनाच्या फुगलेल्या प्रेतावर तोंडघशी पडला होता. त्या आठवणीत दाखवण्यासारखी कसलीच चांगली बाजू रिव्हर्सला सापडली नाही. अखेर त्याने त्या माणसाला लष्कर सोडून खेड्यात मोकळ्या हवेत राहण्याचा सल्ला दिला. शिवाय त्याने बजावले आहे की, रुग्णाने अष्टौप्रहर तेच उगाळत बसावे असेही नाही.

युद्ध संपले तसे जगाने हे सारे बासनात बांधून ठेवले. दुसरे महायुद्ध आले, पुन्हा तेच रुग्ण, पुन्हा नवी नावे. व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक १९७० च्या सुमारास आपापल्या मंडळांतून एकमेकांशी बोलू लागले तेव्हा कुठे विषयाला पुन्हा तोंड फुटले. त्याच काळात बॉस्टनमधल्या ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या दोघींनी बलात्काराला बळी पडलेल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि १९७४ साली दाखवून दिले की, जी स्वप्ने, जे दचकणे, जी टाळाटाळ रणांगणावरून आलेल्या जवानांत दिसते, तीच या स्त्रियांतही दिसते. शूर-भित्रा हा वाद तिथेच निकालात निघाला म्हणायचा. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या तिसऱ्या सूचीत पी.टी.एस.डी. हे नाव अधिकृतपणे दाखल केले.

नाव मिळाले, उपचाराचे काय? फिलाडेल्फियाच्या डॉ. एडना फोआ या बाईंनी रिव्हर्सच्या कल्पनेला शिस्त लावली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. (त्यांची वाट रिव्हर्सकडून आलेली नव्हती, ती भीतीवरच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनातून आली.) त्यांच्या पद्धतीत रुग्ण आठवड्यातून एक-दोनदा दीड-दीड तास तज्ज्ञासमोर बसतो, डोळे मिटतो, आणि तो प्रसंग वर्तमानकाळात सांगतो : मी मोटारीत आहे, वळण येते आहे, समोरून दिवे दिसताहेत. त्याचे ध्वनिमुद्रण करतात आणि ते त्याने घरी रोज ऐकायचे असते. जोडीला, टाळलेल्या गोष्टींची एक शिडी करायची. आपल्या डोंबिवलीच्या गृहस्थांची शिडी करायची तर पहिली पायरी अशी : उभ्या मोटारीत, इंजिन बंद ठेवून, नुसते बसायचे. भीती वाढेल, वाढू द्यायची, उतरून पळायचे नाही. वाढलेली भीती कायमची वाढत राहत नाही, काही वेळाने आपोआप ओसरू लागते, हे मनाने अनुभवायचे असते. मग गल्लीतून चक्कर, मग कल्याणपर्यंत, मग महामार्ग, आणि पुष्कळ पुढे कधीतरी घाट. साधारण आठ ते पंधरा बैठकांचे हे काम असते.

यात जुनी भीती पुसली जाते असे मात्र नाही. शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, मेंदूत जुन्या शिकवणीशेजारी एक नवी शिकवण उभी राहते : 'मोटार म्हणजे मरण' या धड्याच्या बाजूला 'मोटार म्हणजे मोटार' हा धडा. टाळाटाळीत खरा घात इथेच आहे. जो माणूस मोटारीकडे फिरकतच नाही, त्याला हा दुसरा धडा मिळणार कुठून? दर वेळी टाळले की सुटल्यासारखे वाटते, आणि त्या सुटकेच्या समाधानानेच भीती आणखी बळावते.

पॅट्रिशिया रेसिक या दुसऱ्या विदुषींनी अर्थाकडे अधिक लक्ष दिले. त्यांच्या बारा बैठकांच्या पद्धतीत, त्या प्रसंगाने आपण काय समजून बसलो हे रुग्ण कागदावर लिहितो. 'मीच त्याला म्हटले, आज रात्रीच निघू. म्हणून तो मेला.' मग तज्ज्ञ त्याच्याबरोबर, वकिलासारखी उलटतपासणी न करता, हळूहळू विचारतो : निघताना तुम्हांला काय ठाऊक होते? समोरच्या वाहनाबद्दल तुम्हांला कळणे शक्य होते का? रिव्हर्सने त्या अधिकाऱ्याला जी दुसरी बाजू दाखवली, तिचेच हे पद्धतशीर रूप. तिसरी एक पद्धत फ्रान्सिन शॅपिरो यांची. तिच्यात आठवण मनात धरून तज्ज्ञाच्या हलत्या बोटाकडे नजर फिरवायची असते. तिचा गुण येतो हे चाचण्यांत दिसले आहे, पण तो त्या नजर फिरवण्याने येतो की आठवणीला सामोरे गेल्याने, यावर विद्वानांची जुंपलेली असते. ती त्यांना लखलाभ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आघाताच्या आठवणीवर काम करणाऱ्या वर्तनोपचाराची आणि या नजरेच्या पद्धतीची, दोन्हींची शिफारस केली आहे.

औषधांचे थोडक्यात सांगतो. खिन्नतेवरची सर्ट्रालीन, पॅरॉक्सिटीन ही औषधे या विकारात काहींना उपयोगी पडतात. ती डॉक्टरांनीच द्यायची. दुःस्वप्नांवर प्रॅझोसिन या औषधाचा गवगवा झाला होता, पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते निष्फळ ठरले. एम.डी.एम.ए. या नशेच्या द्रव्याचा उपचारात वापर करण्याची परवानगी अमेरिकेच्या औषध खात्याने २०२४ साली नाकारली. आणि आपल्याकडे सर्रास चालते ती झोपेची गोळी! अपघातातून, दंग्यातून माणूस घरी आला की कुणीतरी शहाणा ती देतोच. प्रसंगानंतरच्या पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांवर उतारा म्हणून त्या जातीच्या गोळ्या मोठ्या माणसांना देऊ नयेत, असे त्याच २०१३ च्या सूचनांत स्पष्ट आहे. रात्रीच्या दोन पेगांबद्दल तर बोलायलाच नको.

इथवर वाचून एखादे उत्साही घर आज रात्रीच त्या बिचाऱ्याला मध्ये बसवून 'सांग बाबा काय झाले ते' म्हणून त्याच्या मागे लागेल, अशी मला धास्ती वाटते. तसे करू नका. हा दुसरा टोकाचा प्रयोगही होऊन गेला आहे. १९८० नंतर अशी टूम निघाली होती की, आपत्ती घडताच दोन-चार दिवसांत प्रत्येकाला बसवून सारी हकीकत आणि सारी भावना ओकायला लावायची, म्हणजे पुढचे दुखणे टळेल. ऐकायला किती सयुक्तिक! वेल्समधल्या डॉ. जोनाथन बिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांवर ते पडताळून पाहिले. निम्म्यांना अशी बैठक दिली, निम्म्यांना दिली नाही. तेरा महिन्यांनी पाहिले, तर बैठक दिलेल्यांपैकी २६ टक्क्यांना हा विकार होता आणि न दिलेल्यांपैकी ९ टक्क्यांना! १९९७ साली हे प्रसिद्ध झाले. बैठक दिलेल्यांत भाजण्याचे प्रमाण मुळातच काहीसे जास्त होते, हे खरे. पण इतर चाचण्यांतही फायदा काही दिसला नाही, आणि ती टूम मागे पडली. ताजी जखम कोणी खरवडू नये, हे आपल्या बायाबापड्यांना ठाऊक असते. जुनी, आत पू झालेली जखम मात्र जाणत्या हाताने उघडावी लागते. दोहोंतला फरक काळाचा आणि हाताचा आहे.

मग घराने काय करायचे? इथे मला किल्लारीची आठवण होते. १९९३ साली अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लातूर-उस्मानाबादकडची गावे दमून झोपली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, भूकंपाने दगडामातीची घरे झोपलेल्यांवर कोसळली. आठ-दहा हजार माणसे गेली. त्यातून बचावलेल्या थोड्या लोकांची दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी तपासणी केली. १९९६ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, निम्म्याहून अधिक लोकांत कुठला ना कुठला मनोविकार आढळला, आणि त्यात धसका आणि खिन्नता हे दोन प्रमुख होते. एकाच गल्लीत, एकाच ढिगाऱ्याखालून निघालेल्या दोघांपैकी एक धडपडत उभा राहतो आणि दुसरा खचतो, असे का व्हावे? जन्मजात घडणीचा काही वाटा आहेच. पण २००० साली लंडनच्या ख्रिस ब्रुइन यांनी सहकाऱ्यांसह सत्त्याहत्तर लेखांतले निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा माणसाच्या पूर्वीच्या स्वभाव-संस्कारांपेक्षा घटनेच्या वेळच्या आणि नंतरच्या गोष्टी काहीशा अधिक भारी ठरल्या. त्यांतली एक ठळक गोष्ट म्हणजे नंतर मिळालेला, किंवा न मिळालेला, आपल्या माणसांचा आधार.

तेव्हा ताई, तो फोटो कपाटातून काढून पुन्हा भिंतीवर लावा. पण लावण्याआधी यजमानांना सांगा की, लावते आहे. मित्राचे नाव सहज बोलण्यात येऊ द्या : "त्यांना हे लोणचे फार आवडायचे." यजमान बोलले तर ऐका. मध्येच "जाऊ द्या हो, कशाला त्रास करून घेता" म्हणू नका. नेमके तेच वाक्य तोंडावर येते. नाही बोलले तर खोदू नका. आणि एक अवघड गोष्ट : त्यांच्या टाळाटाळीला घराने किती हातभार लावायचा याचा विचार करा. ते लग्नाला आले नाहीत तेव्हा पोट बिघडल्याची सबब नातेवाइकांना तुम्हीही सांगितलीत, असे पत्रातच आहे. उद्या मुलांच्या सहली बंद होतील, परवा मित्राच्या पत्नीशी असलेला संबंध तुटेल. ती बाईही नवरा गमावून बसली आहे; आणि तिच्या नवऱ्याचे शेवटचे तास ज्याने पाहिले असा एकच माणूस जगात आहे. उपचार मात्र घरात करायचे नाहीत. त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा, आणि जाण्याआधी एवढेच विचारा की, आघाताच्या आठवणीवर काम करणारी ही पद्धत तुमच्याकडे कोण करते? नुसत्या गोळ्या लिहून देणारे डॉक्टर सापडणे सोपे. ही पद्धत शिकलेले मानसतज्ज्ञ आपल्याकडे थोडे आहेत, ते शोधावे लागतात. सर्वांना गुण येतोच असे नाही, काही जण मध्येच सोडून जातात, हेही सांगून ठेवतो. पण दोन वर्षे झाली म्हणून वेळ टळून गेली असे मुळीच नाही. कित्येक वर्षांपूर्वीचा प्रसंग घेऊन आलेली माणसेही या उपचारांनी सुधारलेली आहेत.

दिवाळीचे चार दिवस असल्या घराला जरा जड जातात. दचकणाऱ्या माणसाला आवाजापेक्षा अवचितपणा जास्त बाधतो. म्हणून शेजारच्या बाळगोपाळांना सांगून ठेवावे की, जिन्याखाली मागच्या मागे लवंगी सोडू नका. लावायचे ते फटाके अंगणात, ठरल्या वेळी, आधी ओरडून सांगून लावा. त्या वेळी त्याला आतल्या खोलीत दडवून ठेवू नये. त्याला चालत असेल तर कुणीतरी त्याच्यासोबत गॅलरीत उभे राहावे. आणि ज्यांना कुणाकडे जायचे हेच उमगत नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२२ सालच्या ऑक्टोबरात 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लावला तरी चालतो, आणि मराठीत बोलता येते.